दसऱ्याला झोपलेला लॅपटॉप

आमच्या अंबरनाथच्या एमआयडीसीत सुटी रविवारी नसते, शुक्रवारी असते. विजेचा भार वाटून घेण्यासाठी केव्हातरी तसं ठरलं आणि आमच्या घरांचं सगळं वेळापत्रक त्यावर बसलं. मुलांची सुटी रविवारी, आमची शुक्रवारी. नातेवाइकांना हे कधी पाठ झालं नाही; लग्नकार्यं रविवारी ठरवून आम्हाला ते रजा टाकायला लावत.

त्या वर्षी दसरा गुरुवारी आला. म्हणजे कारखान्याला लागोपाठ दोन दिवस टाळं. एरवी मला आनंद झाला असता. पण बुधवारी संध्याकाळी, कारखान्यातली यंत्रांची पूजा आटोपून निघताना, शेठनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि त्यांचा लॅपटॉप माझ्या हातात दिला.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. मी कापडाचे रंग बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात उत्पादनाचे आकडे सांभाळत होतो. त्याआधी ज्या मोठ्या कारखान्यात मी नोकरीला होतो, तो बंद पडला होता आणि जवळजवळ वर्षभर मी घरी बसलो होतो. त्या वर्षाबद्दल इतकंच सांगतो की सकाळी दुसऱ्यांच्या कारखान्यांचे भोंगे वाजले की मी उठून दाढी करायचो, कपडे घालायचो आणि मग खुर्चीत बसायचो. बायको शाळेत शिकवत होती, म्हणून घर चाललं. ही नवी नोकरी लागली तेव्हा सर्वांत शेवटी आलेला माणूस मीच होतो, आणि माणसं कमी करायची वेळ आली की पहिला कोण जातो हे मला अनुभवाने माहीत होतं.

शेठ उल्हासनगरचे सिंधी. मला मात्र ते मानाने ‘साहेब’ म्हणत. त्यांचं बोलणं हिंदीत सुरू व्हायचं आणि मराठीत संपायचं. लॅपटॉप त्यांच्या परदेशातल्या भावाने आणला होता. आमच्या ऑफिसात एक मोठा कॉम्प्युटर होता, पण हे मांडीवर मावणारं, वहीसारखं मिटणारं यंत्र मी त्या आठवड्याआधी कधी हाताळलं नव्हतं.

“देखो साहेब, इसको बंद नहीं करने का,” शेठ म्हणाले. “झाकण लावलं की झोपतो, उघडलं की उठतो. जिथे सोडलं तिथेच. और एक बात. सेव्ह मत करना. पुरानी फाइल पार्टी को भेजी हुई है, उसपे कुछ चढ़ना नहीं मंगता. शनिवारी सकाळी मी बघणार, मग सेव्ह.”

पार्टी म्हणजे आमच्या नव्या निळ्या रंगाचं गिऱ्हाईक. शनिवारी सकाळी ते लोक येणार होते. चाचणीसाठी काढलेल्या घाण्यांचे आकडे, म्हणजे तापमान, वेळ, किती माल घातला आणि किती रंग हाती आला, मी मंगळवार-बुधवार कारखान्यात बसून त्या यंत्रात भरले होते. मूळ कागद प्रयोगशाळेच्या कपाटात, कपाटाची किल्ली शेठकडे आणि शेठ दोन दिवस लोणावळ्याला, सासुरवाडीच्या लोकांबरोबर. घरी मला फक्त हिशेब पुरा करून गोषवारा तयार करायचा होता. गिऱ्हाइकाला आकडे पटले तर तिन्ही पाळ्या चालणार होत्या. नाही पटले तर दोनच, असं शेठनी सगळ्यांना उघड सांगितलं होतं. पुढचं त्यांनी सांगायची गरज नव्हती.

सेव्ह करू नका म्हटलं, म्हणून मी केलं नाही. जे करू नको सांगितलं ते करायचं नाही, ही माझी आयुष्यभराची रीत. दुसऱ्या नावाने वेगळी प्रत ठेवता येते, हे मला पुढे कधीतरी कळलं.

बुधवारी रात्री काम उरकलं. शेवटची बेरीज दोनदा ताडून पाहिली आणि झाकण लावलं. पुढच्या कडेला चंद्रकोरीच्या आकाराचा हिरवा दिवा सावकाश लुकलुकू लागला. झोपला.

गुरुवारी सकाळी आईने पाट मांडला. आई बारवी धरणाकडच्या गावची, शेतातली. आमच्याकडे राहायला आली तेव्हा तिने भांड्यांबरोबर स्वतःचा कोयताही आणला होता, आणि दर दसऱ्याला तो पाटावर पहिला बसायचा. त्याच्या शेजारी विळी, बायकोच्या शिलाई मशीनची कात्री, मुलीची पुस्तकं, माझ्या स्कूटरची किल्ली.

“तुझी ती पेटी आन,” आई म्हणाली.

“आई, ती शेठची आहे.”

“शेठची आसली म्हनून काय झालं? पोट कोनाचं भरतं तिच्यावं?”

मी पेटी आणून पाटावर ठेवली.

“उघड. मिटल्या तोंडाची पूजा नाय करत.”

मी झाकण उघडलं. पडदा उजळला, माझे निळे रकाने दिसले. आईने हात जोडले. “काय हे आकडं! मुंग्या लागल्यासारकं.”

मी दोन्ही तळवे बटणांवर आडवे धरले आणि सांगितलं की हळदकुंकू एकच बोट, आणि तेही कडेला, जिथे काही नाही तिथे. आईने पडद्याच्या बिजागरीजवळची मोकळी जागा शोधली आणि तिथे ओलं कुंकू लावलं. त्यावर अक्षता टाकल्या. काही दाणे माझ्या हातांवर उडाले, ते मी एकेक करून वेचले, फुंकर घातली, फडक्याने पुसलं. मग झाकण लावलं आणि वर आईने झेंडूचं फूल ठेवलं. हिरवा दिवा लुकलुकू लागला. बायको म्हणाली, “बघा, फूल आवडलं त्याला.”

दुपारी श्रीखंडपुरीचं जेवण झालं आणि मी गोषवाऱ्यावर शेवटची नजर टाकायला बसलो. झाकण उघडलं. पडदा काळा.

मी थोडं थांबलो. झोपेतून उठायला वेळ लागत असेल. काहीच झालं नाही. झाकण लावलं, उघडलं. काळा. एक बटण दाबलं, मग दुसरं, मग सगळीच एका कडेपासून. दिवा मात्र आपल्या गतीने लुकलुकत होता, जणू मी समोर बसलोच नव्हतो.

मी उभा राहिलो आणि परत बसलो.

बायकोने स्वयंपाकघरातून विचारलं, “काय झालं?”

“उठत नाही.”

“कोण, आई?” ती धावत बाहेर आली.

“आई नाही गं. हा.”

तिने छातीवर हात ठेवला. “अहो, असं सांगतात का! माझा जीव गेला.” मग माझ्या चेहऱ्याकडे बघून ती पडद्यावर वाकली.

आई दारात उभी होती. “झोपलंय तर झोपू दे जरा. सकाळी उठवलंस ना त्याला.” कोणी हसलं नाही, तेव्हा तिला कळलं की काहीतरी बिघडलंय, आणि ती तिथेच जमिनीवर बसली. पाटाकडे बघत राहिली.

मी डोकं शांत ठेवून एकेक गोष्ट करून पाहिली. चार्जर काढला, लावला. वेगळ्या सॉकेटमध्ये लावला. उजव्या बाजूला जे चालू-बंद करायचं बटण होतं, त्यावर बोट ठेवलं आणि उचललं. ते दाबून धरलं तर यंत्र नव्याने सुरू होईल, इतकं मला ऑफिसच्या कॉम्प्युटरवरून माहीत होतं. आणि नव्याने सुरू झालं की सेव्ह न केलेलं सगळं पुसलं जाईल, हेही. आकडे कुठल्या तबकडीवर नव्हते. ते त्या झोपेतच होते. झोप मोडायची होती, पण ती तुटू द्यायची नव्हती.

तेवढ्यात सोनं वाटायला लोक येऊ लागले. आपट्याची पानं हातात घ्यायची, पाया पडायचं, सोन्यासारखे राहा म्हणायचं, आणि माझं लक्ष आतल्या खोलीतल्या त्या दिव्याकडे. शेजारी विजेच्या मोटारी दुरुस्त करणारे एक गृहस्थ राहायचे, त्यांना सगळे अण्णा म्हणत. त्यांना काहीतरी चुकलंय हे लगेच कळलं आणि ते माझ्यामागून आतल्या खोलीत आले.

“बॅटरी काढ,” ते म्हणाले. “काढायची, पुसायची, परत घालायची. कुठलंही यंत्र असो, ठिकाणावर येतं.” आणि त्यांनी लॅपटॉप उचलून उलटा केला.

“अण्णा, ठेवा खाली!”

मी इतक्या जोरात ओरडलो की बाहेरच्या खोलीतली दोन माणसं पानं हातात घेऊन आत डोकावली. अण्णांनी लॅपटॉप हळूच खाली ठेवला. “सणाच्या दिवशी काय बाबा आवाज,” ते म्हणाले आणि चहा न घेता गेले.

त्या रात्री मी झोपलो की नाही, ते आठवत नाही. आठवतं ते इतकंच की मी माझ्या आधीच्या कारखान्याच्या फाटकापाशी उभा होतो आणि कुलपाला सील लागलेलं होतं. ते स्वप्न असेल किंवा नुसती आठवण.

शुक्रवारी सकाळी वीज गेली. शुक्रवारी ती जायचीच. दुरुस्तीची कामं त्याच दिवशी निघायची. पंखा थांबला आणि मी आतल्या खोलीत पळालो. हिरवी चंद्रकोर नारिंगी झाली होती.

आतापर्यंत भीती एकाच गोष्टीची होती, की हा उठणार नाही. आता दुसरी आली. बॅटरी संपली की झोपेतच सगळं जाईल, आणि मला कळणारसुद्धा नाही; फक्त दिवा विझेल. बॅटरी जुनी होती. किती वेळ टिकेल याचा मी मनाशी अंदाज बांधत होतो आणि प्रत्येक अंदाज आधीच्यापेक्षा कमी येत होता.

“उल्हासनगरला जा,” बायको म्हणाली. “तिकडे लाइट असेल. आणि कॉम्प्युटरवाले पण आहेत.”

मी लॅपटॉप टॉवेलमध्ये गुंडाळला, पिशवीत घातला, चार्जर घेतला. आई दारापर्यंत आली. “माज्यामुळं झालं का रं?” तिने विचारलं.

“नाही आई. यंत्र आहे ते.” मला खरंच तसं वाटत होतं.

रिक्षात मी पिशवी मांडीवर धरून बसलो. खड्डा आला की दोन्ही हातांनी उचलायचो. रिक्षावाला आरशातून बघत होता. “बाळ आहे काय आत?” त्याने विचारलं. मी टॉवेलचं टोक बाजूला करून दिवा पाहिला. लुकलुकत होता. “हो,” मी म्हणालो.

उल्हासनगरच्या बाजारात एका गाळ्यात कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान सापडलं. वीज होती. पंखा फिरताना पाहून मला रडू यायचं बाकी होतं. दुकानदार माझ्याच वयाचा, सिंधी, तोंडात वेलदोडा. मी आधी चार्जर लावू द्या म्हटलं. दिवा पुन्हा हिरवा झाला. मग मी सगळं सांगितलं.

“हैंग है,” तो म्हणाला. “बटन दबाके रखो, बंद करो, वापस चालू करो.”

“आणि आतलं?”

“अंदर का तो जाएगा, साईं. सेव्ह नहीं किया?”

“नाही.”

“क्यों नहीं किया?”

“शेठने मना किया था.”

गल्ल्यावर बसलेला त्याचा भाऊ हसला. “सेठ ने साँस लेने को तो बोला है ना?”

“हँस मत,” दुकानदार म्हणाला, पण तोही हसत होता. आणि हसता हसताच त्याचा अंगठा त्या बटणाकडे गेला.

मी त्याचं मनगट धरलं. घट्ट. मी आयुष्यात कोणाचा हात असा धरला नव्हता. हसणं थांबलं. त्याने माझ्याकडे पाहिलं, मी हात सोडला आणि माफी मागितली.

“कोई बात नहीं,” तो म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता. “दूसरा रास्ता मेरे पास नहीं है. खोलूँगा तो भी जाएगा. बैठो, चार्ज करो. लाइट का पैसा नहीं लेता.”

मी बाकावर बसलो. लोक आले, गेले. बॅटरी भरल्यावर मी पिशवी उचलली. त्याने मागून विचारलं, “नोकरी का सवाल है?” मी मान हलवली.

घरी आलो तर वीज आलेली नव्हती. मी लॅपटॉप पाटावरच ठेवला, कारण तिथे कोणाचा पाय लागणार नव्हता. पाटावर झेंडू सुकले होते. शेठना उद्या काय सांगायचं याची वाक्यं मी मनात जुळवत होतो. प्रत्येक वाक्याच्या शेवटी शेठ ‘आकडे कुठे आहेत?’ एवढंच विचारत होते आणि तिथे मी अडत होतो. आई जपमाळ घेऊन कोपऱ्यात बसली होती. बायको फ्रिज कोणाला उघडू देत नव्हती. आत उरलेलं श्रीखंड होतं आणि दार उघडलं की गारवा जातो.

दुपार कलली तेव्हा पंखा फिरला. मी चार्जर लावला. हिरवी कोर. बायको आधी फ्रिजकडे गेली. दार उघडलं आणि म्हणाली, “अहो, नीट आलेत ना लाइट? फ्रिजमध्ये अंधार आहे.”

“पंखा फिरतोय की.”

“मग हे मेलं परत अडकलं.” तिने दाराच्या चौकटीतलं छोटं पांढरं बटण नखाने उचकटलं. टक् आवाज झाला आणि आतला दिवा लागला. “दुधाचा चिकटा बसतो यात. दार उघडं असलं तरी याला वाटतं बंदच आहे.”

मी तिथेच उभा राहिलो.

झाकण लावलं की झोपतो, उघडलं की उठतो. शेठनी हे मला सांगितलं होतं आणि मी ते चमत्कारासारखं ऐकून घेतलं होतं. पण झाकण लागलं हे त्याला कळतं कसं? त्याला डोळे नाहीत. कुठेतरी काहीतरी दाबलं जात असणार.

“टॉर्च दे,” मी म्हणालो.

आम्ही दोघं पाटाशी गुडघ्यांवर बसलो. मी झाकण उघडलं. बिजागरीजवळ, आईने मोकळी जागा म्हणून निवडलेल्या ठिकाणी, कुंकवाचा सुकलेला ठिपका होता. त्याच्या मधोमध एक बारीक भोक. भोकात तिळाएवढी काळी खुंटी, खाली दबलेली, आणि तिच्या कडेला पाचरीसारखा घट्ट बसलेला अर्धा तांदूळ, कुंकवाने लाल झालेला. झाकण लावताना तो आत ढकलला गेला होता आणि ओलं कुंकू त्याच्याभोवती वाळून घट्ट झालं होतं.

बायकोने माझ्याकडे पाहिलं. मग कोपऱ्यात जपमाळ ओढणाऱ्या आईकडे. आणि अगदी हळू म्हणाली, “आईंना सांगू नका.”

तिने डोक्यातली पिन काढली. मी टॉर्च धरला आणि ते काम तिलाच करू दिलं. आता वेगळीच भीती होती: खुंटी मोडली तर? तांदूळ आणखी आत गेला तर? तिने पिनेच्या टोकाने कुंकू खरवडलं. लाल भुकटी मी फुंकून उडवली. दाणा हलला, तुटला, त्याचा एक कण वर आला. दुसरा राहिला. तिने पिन तिरकी धरली.

खुंटी वर आली. आतून घरघर ऐकू आली. पडदा आधी करडा झाला, मग उजळला, आणि निळ्या रकान्यांत माझे आकडे उभे राहिले. बुधवारी रात्री जिथे सोडलं होतं, बेरजेच्या त्याच चौकटीत रेघ उघडझाप करत होती.

मला हायसं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. मी म्हणालो, “कागद आण. झाकणाला हात लावू नकोस, वाऱ्याने पण पडता कामा नये.”

आईने झाकणामागे पितळी तांब्या टेकवून ठेवला. बायकोने मुलीच्या वहीतले कोरे कागद फाडले आणि ती पडद्यावरून आकडे वाचू लागली, शाळेत पाढे म्हणून घेते त्या सुरात. मी लिहीत गेलो. एक रकाना झाला की मी वाचायचो आणि ती पडद्याशी ताडायची. अंधार पडेपर्यंत आम्ही एकेक आकडा उतरवला. मधे एकदा दिवे क्षणभर मंद झाले तर तिघांनीही एकदम पडद्याकडे पाहिलं.

“उठलं ना?” आई सारखी विचारत होती. “पूजा बाधली नाय ना?”

“नाही आई,” बायको म्हणाली. “उलट फळली.”

मी शेवटी झाकण लावायचं धाडस केलं, उघडलं, लावलं, उघडलं. दर वेळी तो उठला. तरी शनिवारी सकाळी कागदांची घडी मी शर्टाच्या खिशात घातली आणि रस्ताभर छातीवर हात ठेवून गेलो.

पार्टीचे दोघे आले होते. शेठनी लॅपटॉप टेबलाच्या मध्यावर ठेवला. झाकणाच्या कडेला पुसूनही न गेलेली लाल रेघ त्यांना दिसली.

“ये क्या है साहेब?”

“दसऱ्याची पूजा, शेठ. आमच्या आईने केली.”

शेठनी ती रेघ अंगठ्याने पुसली आणि अंगठा कपाळाला लावला. पार्टीचे लोक हसले. मी हसलो नाही. शेठनी झाकण उघडलं.

पडदा काळा होता. नेहमीच आधी थोडा वेळ तो काळाच असायचा, हे मला माहीत होतं. माझा हात खिशातल्या घडीवर गेला. टेबलावर चहाचे कप होते, कोणीतरी बशीत चमचा ठेवला, त्याचा आवाज झाला.

मग निळे रकाने दिसले. शेठ गोषवारा मोठ्याने वाचू लागले. मी हात खिशावरून काढला, आणि तेव्हा कुठे मला कळलं की आज सकाळपासून मी पाणीसुद्धा प्यायलो नव्हतो.